आधी बुश, मग उंची

द्राक्षाचे पैसे हातात आले, बागेत खरड छाटणी सुरू झाली, की आमच्या तासगाव भागात जुन्या गाड्यांची खरेदी जोर धरते. अलीकडे त्यात फोर बाय फोर पिकअप बऱ्याच दिसतात. गाडी घेतली की ती माझ्या गॅरेजसमोर येऊन उभी राहते आणि मालकाचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं, "मिस्त्री, दोन इंच उचलून द्या."

उचलून देतो. पण आधी गाडी खालून बघू द्या, हे माझं प्रत्येकाला सांगणं. लाखभर किलोमीटर पळालेल्या गाडीत नवे स्प्रिंग आणि नवे शॉकअप घातले आणि बुश (सांध्यांतले रबर), बॉल जॉइंट (चाकाकडचे गोळ्याचे सांधे), क्रॉस (प्रोपेलर शाफ्टचे, म्हणजे चाकांकडे ताकद नेणाऱ्या दांड्याचे सांधे) जुनेच ठेवले, तर वाढलेल्या उंचीचा सगळा ताण त्या झिजलेल्या भागांवर येतो. मग स्टेअरिंग हातात थरथरतं आणि दोष उंची वाढवणाऱ्या किटला दिला जातो.

हे काम कुणी स्वतः करणार असेल, किंवा मिस्त्रीच्या शेजारी उभं राहून करून घेणार असेल, तर ते कोणत्या क्रमाने करावं ते सांगतो. उदाहरणाला सावळजच्या एका आण्णांची गाडी घेतो. २०१७ची इसुझू डी-मॅक्स व्ही-क्रॉस, दुसऱ्या मालकाकडून घेतलेली. पुढे डबल विशबोन, म्हणजे चाक धरणारे वरचा-खालचा असे दोन आर्म, आणि शॉकअपभोवती कॉइल स्प्रिंग, मागे स्प्रिंगचे पाटे. हीच रचना असलेल्या दुसऱ्या पिकअपलाही क्रम हाच.

उंची कशासाठी हवी

आण्णांना विचारलं, "गाडी अडते कुठं?"

ते म्हणाले, "ओढ्यात उतरताना नाक टेकतंय. आन् पावसात बागेच्या वाटेवर चाकोऱ्यांच्या मधला उंचवटा मागं कुठंतरी घासतोय." त्यांच्या मुलाला मात्र चार इंच हवे होते आणि मोठे टायर.

नाक टेकणं आणि मागे घासणं ही दोन वेगळी दुखणी आहेत. सस्पेन्शन उचललं की चॅसी, इंजिनखालचं पत्र्याचं कवच, बंपर, पायऱ्या हे सगळं वर जातं. ओढ्यात उतरताना त्याचा थेट फायदा होतो. पण मागचा ॲक्सल आणि त्याच्या मधलं डिफरन्शियल (गिअरचा गोल डबा) चाकांच्या आधारावर असतं. पाट्याखाली कितीही जाड ठोकळा घाला, डिफरन्शियल जमिनीपासून तसूभरही वर येत नाही. त्याला वर आणतो तो फक्त टायर. २४५/७० आर १६ या टायरचा व्यास साधारण ७४९ मिलिमीटर, २६५/७० आर १६चा साधारण ७७७. फरक २८ मिलिमीटरचा, आणि डिफरन्शियल वर येणार त्याच्या निम्मं, म्हणजे १४ मिलिमीटर. शिवाय स्पीडोमीटर मागे पडतो. आधीच्या टायरवर काटा ८०वर असताना जो वेग असायचा, तो आता जवळजवळ पावणेचार टक्क्यांनी जास्त असतो. हा हिशेब आण्णांना कागदावर करून दाखवला. त्यांनी टायर तेच ठेवले आणि वाटेवरचा उंचवटा ट्रॅक्टरच्या फळीने उतरवून घेतला.

किती उचलायचं यावर माझं मत ठाम आहे : ४० ते ५० मिलिमीटर, बस्स. त्यापुढे गेलं की पुढच्या ॲक्सलच्या सीव्ही जॉइंटचा (चाक फिरवणाऱ्या दांड्याच्या सांध्याचा) कोन तिरका होतो, त्याचा रबरी बूट लवकर फाटतो, वरच्या आर्मचा बॉल जॉइंट त्याच्या टोकाला जाऊन भिडतो, अलाइनमेंट बसत नाही. मग वरचे आर्म बदला, पुढचं डिफरन्शियल खाली घ्या, अशी कामं एकामागून एक निघतात. आणि चॅसी वर गेली की गाडीचा तोलही वर जातो. ज्याला कुंभार्ली घाटातून चिपळूणला जायचं असतं किंवा यवतेश्वरच्या वळणांवरून कासला, त्याने हे विसरू नये.

आता पाटे. गाडीवर रोज काय असतं ते खरं सांगा. फवारणीची ५०० लिटरची टाकी भरली की नुसत्या पाण्याचंच वजन ५०० किलो होतं. महिन्यातून दोनदा तेवढं वजन असेल आणि बाकी दिवस गाडी रिकामी, तर कायमच्या वजनाचे कडक पाटे घेऊ नका. रिकाम्या गाडीत ते दबतच नाहीत, मागचं चाक खड्ड्यावरून उडतं आणि ओल्या रस्त्यावर ब्रेक मारताना मागची बाजू सरकते. पाटे कितीही जाड केले तरी आरसीवरची वजनाची मर्यादा तीच राहते, कारण ब्रेक, ॲक्सल आणि चॅसी तीच आहे.

स्वस्तातला मार्ग म्हणजे पुढच्या शॉकअपच्या डोक्यावर स्पेसर (जाड चकती) आणि मागे पाटा ॲक्सलला आवळणाऱ्या यू-बोल्टखाली ठोकळा. पुढचा शॉकअप खालच्या आर्मवर चाकापासून आत बसलेला असतो, त्यामुळे स्पेसरच्या जाडीपेक्षा चाकापाशी उंची बरीच जास्त वाढते. दुकानदार "दोन इंची स्पेसर" म्हणाला तर दोन इंच ही स्पेसरची जाडी की गाडीची उंची, ते आधी विचारा. स्पेसरने जुन्या शॉकअपचं आयुष्य वाढत नाही. जुन्या गाडीला मी स्पेसर सुचवत नाही. स्प्रिंग, शॉकअप आणि पाटे हे एकमेकांना जुळणारं एकाच कंपनीचं किट घ्या. मागे नुसती लांब शॅकल (पाट्याचं मागचं टोक चॅसीला टांगणारी पट्टी) लावायचा सल्लाही ऐकू नका. शॅकलची लांबी जेवढी वाढवाल, त्याच्या निम्मीच उंची मिळते आणि डिफरन्शियलचं तोंड फिरतं.

कायद्याचं आधी

किटची ऑर्डर द्यायच्या आधी हे करा. मोटार वाहन कायदा १९८८च्या कलम ५२नुसार उत्पादकाने ठरवलेल्या आणि आरसीवर नोंदलेल्या तपशिलाशी विसंगत बदल गाडीत करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९मध्ये हेच पुन्हा स्पष्ट केलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर कलम १८२-अ नुसार परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलाला ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. म्हणून किटचं माहितीपत्रक घेऊन आरटीओत जा, सांगलीकरांनी एमएच १०, सातारकरांनी एमएच ११, कराडकरांनी एमएच ५०च्या कार्यालयात, आणि लेखी विचारा. विमा कंपनीलाही लेखी कळवा. अपघात झाल्यावर सर्व्हेअर गाडीखाली वाकून बघतो, तेव्हा हा कागद फाइलमध्ये असला पाहिजे. नकार मिळाला तर मूळ उंचीचेच नवे शॉकअप, पाटे आणि बुश घाला. जुनी गाडी बसलेली असते. नवे पाटे आणि स्प्रिंग घातल्यावर ती आपल्या मूळ जागी आली तरी मालकाला फरक कळतो.

गाडी खालून बघणं

गाडी धुऊन आणा, आणि खालूनही धुवा. चिखलाखाली तडे दिसत नाहीत.

सांगली जिल्ह्यातली गाडी असेल तर सगळ्यात आधी पुराची खूण शोधा. २०१९च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१च्या जुलैमध्ये कृष्णेचं पाणी घरांत शिरलं तसं गाड्यांतही शिरलं. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा, आतल्या पट्टीवर मातकट रेघ दिसते का बघा. चॅसीच्या पोकळीत बोट घाला, बारीक गाळ हाताला लागतो का बघा. डिफरन्शियलचं तेल दुधट असेल तर आत पाणी गेलेलं आहे. कोकणातून आलेली गाडी असेल तर पाट्याच्या हँगरभोवतीची चॅसी हातोडीने हलकेच वाजवा. निरोगी लोखंड खणखणीत वाजतं, कुजलेलं बद्द.

मग पुढचं चाक उचला. चाक वर-खाली धरून हलवा : खडखड आली तर बॉल जॉइंट किंवा बेअरिंग. डावी-उजवीकडे हलवा : टाय रॉड एंड, म्हणजे स्टेअरिंगच्या दांडीचा सांधा. विशबोनच्या बुशजवळ टॉमी (लोखंडी कांब) घालून हळूच उचकटा. आण्णांच्या गाडीत डाव्या खालच्या आर्मचा मागचा बुश टॉमीबरोबर पाव इंच सरकला. त्याचं रबर आतल्या लोखंडी नळीपासून अर्ध्या गोलात सुटलेलं होतं आणि त्या फटीत वाळलेला काळा चिखल बसला होता. वरून गाडी झकास दिसत होती. त्या आर्मचे दोन्ही बुश, दोन स्टॅबिलायझर लिंक (गाडी कलू न देणाऱ्या दांड्याचे जोड) आणि मागच्या प्रोपेलर शाफ्टचा एक क्रॉस आम्ही किटबरोबरच बदलले. बुश प्रेसवर काढावे लागतात आणि त्यासाठी आर्म खाली येतोच, तेव्हा ते उंचीच्या कामासोबत केलं तर मजुरी एकदाच लागते.

शेवटी चारही चाकांची मापं घ्या. चाकाच्या मध्यापासून सरळ वर मडगार्डच्या कडेपर्यंत, सपाट जागेवर, गाडी रिकामी ठेवून. जमिनीपासून मोजू नका, कारण टायरमधल्या हवेने माप बदलतं. मापं मडगार्डच्या आतच मार्करने लिहून ठेवा.

पुढचं काम

एक-दोन दिवस आधीपासून सगळ्या बोल्टांवर गंज सोडवणारं तेल मारत राहा. शॅकलचे आणि पाट्याच्या पुढच्या डोळ्यातले बोल्ट सगळ्यात हट्टी असतात.

गाडी सिमेंटच्या कोब्यावर घ्या, मातीत नको. मागच्या चाकांना लाकडी ठोकळे लावा, पुढची बाजू उचला आणि चॅसीखाली दोन्ही बाजूंना स्टँड द्या. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली कुणी जायचं नाही, पाना उचलायलासुद्धा नाही.

चाक काढलं की ब्रेकच्या होजचा आणि एबीएसच्या वायरचा क्लिप आधी सोडवा. ती वायर ताणली गेली की आतून तुटते आणि नंतर दिवा लागल्यावर शोधत बसावं लागतं. स्टॅबिलायझर लिंक दोन्ही बाजूंच्या सोडा. एकच सोडली तर दुसऱ्या बाजूचा ताण तुमच्या हातावर येतो. मग वरच्या बॉल जॉइंटची स्प्लिट पिन काढा, नट ढिला करा पण दोन-तीन आटे राहू द्या. पुलरने सांधा सोडवा. पुलर नसेल तर नकलच्या (चाक ज्यावर बसतं त्या भागाच्या) ज्या डोळ्यात सांध्याचा खुंटा बसतो, त्या डोळ्याच्या बाजूला हातोडी मारा. आट्यांवर मारलेला एक घाव नवा बॉल जॉइंट घ्यायला लावतो. सांधा सुटला की नकल दोरीने वर बांधा. ती बाहेर कलंडली की ब्रेकची होज आणि सीव्ही जॉइंट दोन्ही ओढले जातात.

आता शॉकअपचा खालचा बोल्ट आणि वरचे नट काढायचे. इथे हात थांबवा आणि नीट बघा. वरच्या ताटलीवर कडेला जे नट आहेत, ते गाडीला धरून ठेवतात. ते काढायचे. बरोबर मधोमध एक नट असतो, तो दाबलेल्या स्प्रिंगला धरून ठेवतो. त्याला गाडीवर असताना पाना लावायचा नाही. तो निघाला तर स्प्रिंग ताटलीसकट सुटते आणि समोर जे असेल त्याला उडवते. जुन्या शॉकअपवरून ताटली काढून नव्यावर बसवायची असेल, तर ते काम भिंतीला किंवा स्टँडला पक्क्या बसवलेल्या स्प्रिंग कॉम्प्रेसरवरच करून घ्या. दोन हुकांचा हलका कॉम्प्रेसर पिकअपच्या जाड स्प्रिंगला पुरत नाही. मी स्वतः गॅरेज चालवतो, तरी गिऱ्हाइकाला सांगतो की शक्य असेल तर स्प्रिंग, शॉकअप आणि ताटली जोडलेला तयार सेटच मागवा. त्यासाठी थोडे पैसे जास्त गेले तरी ते योग्य कारणी लागतात.

नवा सेट बसवताना डावा-उजवा तपासा. काही किटमध्ये ड्रायव्हरच्या बाजूची स्प्रिंग किंचित उंच असते आणि तिच्यावर तसं लिहिलेलं असतं. सगळे बोल्ट आधी हाताने चढवा. बॉल जॉइंटचा नट सर्व्हिस मॅन्युअलमध्ये दिलेल्या टॉर्कला आवळा आणि स्प्लिट पिन नवी घाला. मात्र आर्मच्या बुशचे बोल्ट आत्ता पक्के आवळू नका. त्याचं कारण पुढे येतं.

मागचे पाटे

एका वेळी एकच बाजू. दोन्ही बाजू एकदम सोडल्या तर ॲक्सल सरकतो आणि जागेवर आणताना दिवस जातो.

चॅसी स्टँडवर, ॲक्सलखाली वेगळा जॅक. शॉकअपचा खालचा बोल्ट काढा, मग यू-बोल्ट. जुने यू-बोल्ट ग्राइंडरने कापून टाका आणि परत वापरायचा विचार करू नका. ते एकदा ताणले गेले की पुन्हा तेवढी पकड देत नाहीत. कापताना डिझेलची टाकी, तेलाच्या नळ्या आणि वायरिंग कुठे आहे ते आधी बघा, त्यावर ओलं पोतं टाका, आणि जवळ आग विझवायचं सिलिंडर ठेवा. पुढच्या डोळ्यातला बोल्ट बुशच्या नळीत गंजून धरला असेल तर तोही कापूनच निघतो. नवा बोल्ट घालताना त्याचं डोकं आतल्या बाजूला आणि नट बाहेरच्या बाजूला येईल असा घालू नका. टाकी आडवी येत असेल तर पुढच्या वेळी बोल्ट मागे ओढायला जागाच उरत नाही.

नव्या पाट्यांच्या मधल्या सेंटर बोल्टचं डोकं ॲक्सलवरच्या भोकात बरोबर बसलं पाहिजे. बॅटरी मारून डोळ्यांनी बघा. ते कडेवर चढलेलं असताना यू-बोल्ट आवळले तर ॲक्सल तिरका बसतो आणि गाडी खेकड्यासारखी तिरपी चालते. यू-बोल्टचे चार नट आलटून-पालटून, तिरप्या जोडीने आवळा. चारही टोकांना बाहेर आलेले आटे सारखे दिसले पाहिजेत.

बुश कधी आवळायचे

आता सगळ्यांत महत्त्वाचा भाग. बहुतेक गॅरेजमध्ये घाईत इथेच काम बिघडतं.

बुशचं रबर आतल्या आणि बाहेरच्या दोन्ही नळ्यांना चिकटवलेलं असतं. आर्म वर-खाली होतो तेव्हा नळी बोल्टाभोवती फिरत नाही, रबर पिळतं आणि परत येतं. चाकं हवेत लटकत असताना बोल्ट आवळला, तर रबराने तीच आपली सरळ स्थिती धरली. गाडी जमिनीवर आली की ते कायमचं पिळलेलं राहतं. नवे बुश मग लवकर फाटतात, गाडी हवी तेवढी बसत नाही, आणि मालकाला वाटतं उंची जास्त मिळाली.

म्हणून चाकं लावा, गाडी जमिनीवर घ्या, बंपर दाबून चार-दोन वेळा हलवा, गाडी दहा फूट पुढे-मागे ढकला. आता खाली सरपटत जाऊन आर्मचे, पाट्याच्या डोळ्यांचे आणि शॅकलचे बोल्ट टॉर्क रेंचने आवळा. आण्णांचा मुलगा हे बघून म्हणाला, "काका, उचललेलं असताना केलं असतं तर बसून करता आलं असतं." बसून करता आलं असतं, खरं. पण रबराला गाडी उभी असते ती जागा कळायला गाडी उभीच लागते.

रस्त्यावर न्यायच्या आधी

चाकं पुन्हा हवेत लटकवा आणि स्टेअरिंग दोन्हीकडे शेवटपर्यंत फिरवा. ब्रेकची होज कुठेही ताठ होता कामा नये. मागची होज, हँडब्रेकची केबल, डिफरन्शियलच्या ब्रीदरची नळी यांनाही ढील उरली आहे ना ते बघा. ज्या गाड्यांत मागच्या ॲक्सलपासून चॅसीवरच्या ब्रेक व्हॉल्व्हपर्यंत दांडी असते, तिथे उंची वाढली की व्हॉल्व्हला गाडी रिकामी वाटते आणि मागचे ब्रेक कमी लागतात. ती दांडी मॅन्युअलप्रमाणे नव्याने जुळवून घ्या.

अलाइनमेंट त्याच दिवशी करा. उचलल्यावर कॅस्टर (चाक ज्या रेषेभोवती वळतं तिचा मागे झुकलेला कोन) कमी होतो, त्यामुळे वळणानंतर स्टेअरिंग आपोआप सरळ येत नाही आणि हायवेवर गाडी भरकटते. फक्त टो (चाकांची तोंडं आत-बाहेर किती) बघून सोडणारा नको, कॅम्बर (चाकाचा आत-बाहेर झुकाव) आणि कॅस्टरचे आकडे छापून देणारा शोधा. हेडलाइट खाली घ्यायला विसरू नका. दोन इंच वर गेलेला झोत समोरून येणाऱ्या दुचाकीवाल्याच्या थेट डोळ्यांत जातो.

पहिली फेरी मोकळ्या रस्त्यावर, ब्रेक आणि वळणं तपासत. ६० ते ८०च्या दरम्यान गाडीच्या तळातून घरघर आली तर प्रोपेलर शाफ्टचा कोन किंवा सेंटर बेअरिंग बघा. चारही चाकांना ताकद देणारे फोर हाय आणि फोर लो डांबरावर लावून बघू नका, सैल मातीत लावा. कोरड्या डांबरावर पुढची-मागची चाकं एकमेकांशी भांडतात आणि ट्रान्सफर केसवर ताण येतो.

पहिल्या ५०० किलोमीटरनंतर यू-बोल्ट पुन्हा टॉर्कला तपासा. नवे पाटे एकमेकांवर बसतात आणि नट हमखास थोडे ढिले होतात. तेव्हाच मडगार्डमधली मापं परत घ्या. सगळीकडे पाच-सहा मिलिमीटर उंची उतरली असेल तर काळजी नाही. एकच चाक जास्त उतरलं असेल तर गाडी घेऊन या, आधी त्या बाजूचा बुश बघू.